पाण्याची वेळ

नदी एकाच दिशेने वाहते, असे आपण शाळेत शिकतो. कुंडलिकेच्या तीरी राहणाऱ्यास हे विधान अर्धेच खरे वाटते. कोलाड, रोहा मागे टाकून आलेली ही नदी रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्रास मिळते खरी. परंतु दिवसातून दोन वेळा समुद्रही तिच्या भेटीस आत येतो.

तिकडे वर कोलाडपाशी नदी माणसाच्या घड्याळावर चालते. स्वभावतः पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जाणारे मुळशीचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून पश्चिमेकडे उतरते. ते सुटले की रबरी तराफे खळाळात लोटले जातात. रेवदंड्यास मात्र घड्याळ चंद्राचे! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; पंचमीस पावणेचार. पुढे सहाएक तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. डोल जाळे तर प्रवाहाच्याच बळावर चालते. जागच्या जागी बांधलेल्या जाळ्याच्या तोंडात पाणीच मासळी आणून घालते. म्हणून उधाणाचे दिवस कमाईचे, भांगाचे दिवस जाळी दुरुस्तीचे.

या तीरावर आमचे काही वर्षे वास्तव्य होते. तेथील एका वृद्ध नावाड्याने आम्हांस वल्हे धरावयास शिकविले. होडी सोडण्यापूर्वी तो तिवरांच्या बुंध्यांवरील ओल न्याहाळी. त्याचा नियम सोपा होता: भरतीबरोबर नदीत वर जावे, ओहोटीबरोबर परतावे, परंतु ओहोटीत मुखाकडे होडी कधीही नेऊ नये. पावसाळ्यात नदीचा लोंढा ओहोटीस मिळतो, तेव्हा लहान होडी पाहता पाहता समुद्रात ओढली जाते. तो म्हणे, “फादर, पाण्याशी भांडू नये. ते दमत नाही; आपण दमतो.”

अशा या माणसाच्या नातवाने शाळेच्या अर्जात आजोबांच्या व्यवसायाची जागा रिकामी सोडली होती. विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “होडी चालवणे म्हणजे काय व्यवसाय, फादर?” त्याचे उत्तर आम्हांस अनेक दिवस बोचत राहिले. साळावचा पूल झाल्यावर तरीचे महत्त्व ओसरले, हे समजण्यासारखे आहे. परंतु तरीबरोबर ते ज्ञानही ओसरावे काय?

आज भरतीचे कोष्टक मोबाईलवर मिळते. ते वेळ सांगते. पण चिखल कोठे पाय धरून ठेवतो, ओहोटीच्या उलट वारा सुटला की मुखाशी लाट कशी उभी राहते, हे ते सांगत नाही. सुटीत मुंबईहून घरी येणारी आपली मुले हौसेने होडीत बसतात, पाण्यात उतरतात. त्यांना पाणी परके झाले आहे; पाण्याची ओढ मात्र कमी झालेली नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात भांगाचा एखादा दिवस पाहून मुलांना गावातील जुन्या नावाड्याकडे न्या. त्यांना आधी पोहणे शिकवा, मग वल्हवणे. त्या दिवसाचे मोल नावाड्याच्या हाती मुलांनीच द्यावे. आपले ज्ञान कोणाला तरी हवे आहे, हे त्याला त्यांच्याच हातून कळू द्या.