प्रबोधनाची जत्रा

‘रेनेसान्स’ला मराठीत ‘प्रबोधन’ म्हणायचे हे आपण वर्गात शिकतो आणि बहुधा वर्गातच विसरतो. वर्गाबाहेर या शब्दाचे काही वेगळेच होऊन बसले आहे. प्रबोधन म्हटले की व्यसनमुक्तीचे पथनाट्य किंवा कर्णा लावलेली आरोग्य खात्याची गाडी डोळ्यांपुढे येते. त्यामुळे २००८ च्या जुलैत मी अमेरिकेहून फोन करून आईला सांगितले की, आम्ही चौघे मित्र प्रबोधनकाळाच्या जत्रेला निघालो आहोत, तेव्हा तिने अगदी स्वाभाविकपणे विचारले, “तिकडेही लागतं का ते?”

तिला समजावून सांगणे मला जमले नाही, कारण ही जत्रा म्हणजे नेमके काय ते मलाही धड ठाऊक नव्हते. अमेरिकेत ठिकठिकाणी भरणाऱ्या या जत्रांचा उगम १९६३ सालचा. लॉस एंजेलिसमधल्या फिलिस पॅटरसन या शिक्षिका घराच्या परसात मुलांचे नाट्यवर्ग घेत. त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या केपीएफके या नभोवाणी केंद्राला निधी मिळावा म्हणून, नॉर्थ हॉलिवुडमध्ये एक एलिझाबेथकालीन बाजार भरवला. पुढे ही कल्पना देशभर पसरली. रेचल ली रुबिन यांनी ‘वेल मेट’ या २०१२ मधल्या पुस्तकात या जत्रांचे साठच्या दशकातल्या प्रतिसंस्कृतीशी असलेले नाते मांडले आहे. २००८ मध्ये ते पुस्तक नव्हते, आणि असते तरी मी ते उघडले नसते. पुण्यात एम.ए. करताना स्पेन्सर-मार्लो रीतसर वाचून आलेल्या मला, टर्कीची भाजलेली तंगडी हातात धरून हिंडणाऱ्या गर्दीकडून त्या काळाबद्दल काही समजेल असे वाटत नव्हते.

मी तेव्हा इलिनॉय राज्यातल्या अर्बाना या गावी शिकत होतो. जत्रा होती विस्कॉन्सिनच्या सीमेला लागून, केनोशाजवळ. सुमारे २०० मैलांवर. जाण्याची कल्पना ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीची. ती दक्षिण इलिनॉयमधल्या एका छोट्या गावची, घराण्यातली कॉलेजात पोहोचलेली पहिलीच. बाकीचे दोघे म्हणजे माझ्या खोलीत राहणारा, स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारा सोलापूरचा मित्र आणि भाषाशास्त्राचा एक तुर्की विद्यार्थी. पैसा कुणाकडेच नव्हता. म्हणजे मी तरी तसे धरून चाललो होतो. हिशेब मांडण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. डॉलरचे रुपये करून पाहण्याची सवय अजून सुटली नव्हती, तेव्हा काटकसर या विषयात या खोलीत माझ्याइतका अधिकारी कोणी नाही, असा माझा समज होता.

त्या काटकसरी माणसाने केलेला पहिला हिशेब असा: दोन दिवसांची भाड्याची गाडी (आम्ही सगळे पंचविशीच्या आतले, म्हणून त्यावर रोजचा जादा आकार), एका रात्रीसाठी मोटेलच्या दोन खोल्या, पेट्रोल, तिकिटे, जत्रेतले खाणे, आणि भाड्याचे पोशाख. माणशी १३६ डॉलर. शेवटच्या ओळीत मी ‘करमणूक’ असे लिहून त्यापुढे शून्य घातले होते. खेळ तिकिटातच येतात, मग आणखी खर्च कशाचा? हा कागद मी सर्वांना वाटला. दोन दिवसांनी मैत्रिणीने कळवले की, त्या शनिवारी तिची ग्रंथालयात पाळी लागली आहे, तुम्ही तिघे जा.

मला रागच आला. कल्पना हिची, आणि हीच माघार घेते. सोलापूरचा मित्र भाकरीचे पीठ मळत होता. मान वर न करता तो म्हणाला, “अरे, पाळीबिळी काही नाही. पैसे नाहीत तिच्याकडे.”

“तुला कसं कळलं? तिने सांगितलं?”

“सांगेल कशी? वर्गणीवाले दारात आले की आमची आई असंच म्हणायची. मालक घरी नाहीत, उद्या या. वडील आत बसलेले असायचे.”

त्याचे वडील यंत्रमागावर काम करीत हे मला दीड वर्षे माहीत होते. त्या माहितीचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. अमेरिकन माणूस गरीब असू शकतो, हे मी स्टाइनबेकच्या कादंबऱ्यांत वाचले होते. देवघेवीच्या खिडकीमागे बसून रोज माझ्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारणाऱ्या मुलीच्या बाबतीत ते मला सुचले नव्हते. तिच्या शैक्षणिक कर्जाचा विषय दोनदा निघाला होता, आणि दोन्ही वेळा मी तो रुपयांतल्या माझ्या कर्जाशी ताडून, माझे दुःख मोठे असा निकाल देऊन टाकला होता.

दुसरा हिशेब तिच्याच स्वयंपाकघरात झाला. तिला काय सांगून बसवायचे हा प्रश्न सोलापूरकराने सोडवला. आमचे बजेट कोलमडले आहे, गाडीचे भाडे परवडत नाही, तुझी जुनी गाडी मिळेल का, असे त्याने बिनदिक्कत विचारले. ती जरा वेळ आमच्याकडे पाहत राहिली. तिला सगळे कळले असावे. मग तिने माझा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतले. मुक्काम नाही, पहाटे निघायचे, रात्री परतायचे. जत्रा सकाळी १० ते संध्याकाळी ७, म्हणजे हे शक्य होते. येऊनजाऊन ४०० मैल, तिची गाडी गॅलनला २५ मैल देई, आणि त्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला ४ डॉलरांना जाऊन भिडले होते: ६४. तिकिटे ८०. टोल ८. पोशाख घरी शिवायचे. जुन्या बाजारातले पडदे, चादरी आणि दोरा मिळून ८. खाणे घरचे. आत बाहेरचे अन्न नेता येत नाही, म्हणून गाड्या उभ्या करतात त्या मैदानात जेवून मग आत शिरायचे.

गाडी तिची आहे तर पेट्रोलमध्ये तिचा वाटा धरू नये, असे मी सुचवले. माझ्या मते हा उदार विचार होता. “वाटा सगळ्यांचा सारखा,” ती म्हणाली, आणि विषय संपला.

मग तिने कागद पुन्हा सुलटा केला आणि माझ्या शून्यावर बोट ठेवले. शाळेत असताना दोन उन्हाळे तिने अशाच एका जत्रेत लिंबाच्या सरबताच्या टपरीवर काम केले होते. खेळ संपला की कलावंत टोपी फिरवतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांची कमाई मुख्यतः त्या टोपीतलीच असते, हे तिने पाहिले होते. “टोपीत टाकायला नसेल तर खेळ बघायचा नाही. तिथून निघून जायचं,” ती म्हणाली. शून्य खोडून तिने ‘टोपी’ असे लिहिले आणि पुढे १६ चा आकडा टाकला. एकूण १७६, माणशी ४४.

तमाशातल्या दौलतजादावर मी एम.ए.ला निबंध लिहिला होता. बहुरूप्याला आजोबा पायली-अर्धी पायली धान्य घालत, तेही मी पाहिले होते. तरी इथे माझ्या लेखणीतून शून्यच उतरले. असो.

पोशाख शिवण्यात तीन आठवडे गेले, आणि प्रवासाचा खरा आनंद मला वाटते याच तीन आठवड्यांत होता. केनोशाची ही जत्रा १९७० च्या दशकात राजा रिचर्डच्या नावाने सुरू झाली आणि त्याच्या पुढच्या दशकाच्या अखेरीस तिचे ‘ब्रिस्टल’ झाले. तिथे काळ ठरलेला असतो: १५७४, राणी एलिझाबेथने ब्रिस्टल शहराला भेट दिली ते वर्ष. मी या सालाला धरून बसलो. १५७४ मध्ये शेक्सपिअर आणि मार्लो दोघेही दहा वर्षांचे. म्हणजे माझ्या अभ्यासक्रमातला बहुतेक भाग अजून लिहिला जायचा होता. पडद्यांच्या कापडाला बटणे लावू नका, झिप तर मुळीच नको, असा आरडाओरडा मी चालवला होता. आमच्याकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर महाराज, मावळे आणि पायथ्याला प्लॅस्टिकची मोटार व शिट्टी फुंकणारा वाहतूक पोलीस एकत्र सुखाने नांदतात. हे आठवून सोलापूरकर म्हणाला, “तिथे कधी केलास का असा कालविपर्यासाचा वाद?” ‘ज्युलियस सीझर’मध्ये घड्याळाचे ठोके पडतात, हे मला त्याच्यापेक्षा अधिक माहीत असायला हवे होते.

प्रश्न होता तो मी काय घालायचे याचा. गळ्याभोवती चुण्यांची झालर लावून इंग्रज सरदार व्हायला मन घेईना. तेव्हा त्या वर्षी आपल्याकडे काय चालले होते ते आठवू लागलो, आणि आनंदाचा एक धक्काच बसला. पैठणच्या एकनाथांनी आदल्याच वर्षी, १५७३ मध्ये, काशीत भागवतावरची टीका पूर्ण केली होती. वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे घेऊन भारुडे रचणारा कवी ब्रिस्टलच्या राणीचा समकालीन होता! आणि थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण त्याच सुमारास देश सोडून रोमला गेला, १५७९ मध्ये गोव्याला पोहोचला आणि पुढे त्याने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, जे १६१६ मध्ये छापले गेले. इंग्लंडातून कोणी मराठीत येऊ शकतो, तर मराठीतून कोणी ब्रिस्टलला का जाऊ नये? बॅगेत तळाशी वडिलांचे धोतर आणि उपरणे होते. नेसवायला सोलापूरकर होता. पोशाखाचा खर्च शून्य, आणि हे शून्य मैत्रिणीनेही मान्य केले.

ऑगस्टातल्या एका शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. मक्याच्या शेतांतून सरळ उत्तरेला जाणारा ५७ क्रमांकाचा महामार्ग शिकागोच्या दक्षिणेला २९४ क्रमांकाच्या महामार्गाला छेदतो, पण तेव्हा एकावरून दुसऱ्यावर जाण्याची सोयच नव्हती. दोन रस्ते एकमेकांवरून मुकाट्याने निघून जात. त्यासाठी आधीच ८० क्रमांकाच्या मार्गावर वळावे लागे. इतका मोठा जोड कोणी कसा विसरले, यावर सोलापूरकर अर्धा तास बोलला. २०१४ मध्ये तिथले पहिले जोडरस्ते सुरू झाले, तेव्हा त्याने मला मुद्दाम बातमी पाठवली.

मैदानात गाडीच्या टपावर धपाटे आणि शेंगाची चटणी मांडून जेवण झाले. आत शिरताच टर्कीच्या तंगड्या दिसल्या आणि मला संधी मिळाली. हा पक्षी अमेरिकेतला, एलिझाबेथच्या बाजारात कुठला, असे मी जाहीर केले. मैत्रिणीने शांतपणे सांगितले की, तो एलिझाबेथच्या वडिलांच्या काळातच इंग्लंडात पोहोचला होता. तुर्की मित्राने भर घातली की, इंग्रज ज्याला ‘टर्की’ म्हणतात त्याला तुर्कस्तानात ‘हिंदी’ म्हणतात. अमेरिकेच्या पक्ष्याचे पितृत्व कोणीच घ्यायला तयार नाही, हे पाहून मी गप्प बसलो.

भाल्यांची झुंज आणि राणीची मिरवणूक यांबद्दल फार लिहीत नाही. त्या जशा असाव्यात तशाच होत्या. लक्षात राहिला तो चिखलात लोळून विनोद करणारा भिकाऱ्यांचा खेळ. हसून हसून पोट दुखत असताना मला १५७२ चा कायदा आठवला. कोणा उमरावाचा आश्रय नसलेले नट आणि धट्टेकट्टे भिकारी एकाच यादीत घालून त्यांना फटके मारण्याची, कान डागण्याची तरतूद या कायद्याने केली होती. जत्रेच्याच वर्षी, १५७४ च्या मे महिन्यात, लेस्टरच्या नटांना राणीची सनद मिळाली. तिच्याशी इंग्रजी रंगभूमीचा इतिहास आपण जोडतो. सनद न मिळालेल्यांचे काय झाले असेल, हे मी कधी विचारले नव्हते. विद्यापीठातली माणसे या जत्रांना खोटा इतिहास म्हणून नाके मुरडतात. खोटा तो आहेच. त्यात प्लेग नाही, डागलेले कान नाहीत. पण इतिहासाचा पेपर लिहिताना मलाही ते कान आठवले नव्हते. ते आठवले, चिखलाने माखलेला नट टोपी पुढे करून समोर उभा राहिला तेव्हा.

मी एक डॉलर टाकला. मग आणखी एक. धोतराकडे पाहून त्याने कुठल्या देशाचा वकील म्हणून विचारले, आणि मी पैठण असे सांगितले. त्याने वाकून मुजरा केला.

परतताना रात्री दहाच्या सुमाराला एका टोलनाक्यावर आम्ही अडकलो. तेव्हा तिथे जाळीच्या टोपलीत मोजून नाणी टाकावी लागत. पिशवी उपडी केली. पंचवीस सेंट कमी. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. सोलापूरकर पडद्याच्या झग्यातून वाकून आसनाखाली चाचपू लागला, तुर्की मित्राने मुकुट काढून दिवा लावला, माझ्या धोतराला खिसाच नव्हता. मैत्रिणीने कमरेची, स्वतः शिवलेली कापडी थैली सोडली. तिच्यात एक घडी घातलेली नोट होती आणि एक नाणे. नोट तिने परत आत ठेवली. ती कोणत्या टोपीसाठी राहून गेली, असे मी विचारले.

“पावसाने शेवटचा खेळ झाला नाही ना,” ती म्हणाली, आणि नाणे टोपलीत फेकले.