आम्ही विचारलेच नाही

आम्ही दोघे नवरा-बायको जुनी नाणी जमवतो. वाळूजच्या कंपनीत ओव्हरटाइम झाला की त्यातले चार पैसे या छंदाला. डब्यात निजामाचा हाली शिक्का आहे, भोकाचा पैसा आहे.

गेल्या वर्षी एका माणसाने आम्हाला रोमन चांदीचे नाणे दाखवले. एका बाजूला वल्ह्यांचे लढाऊ जहाज, दुसऱ्या बाजूला गरुड आणि दोन निशाणे. इ.स.पूर्व ३२-३१ च्या सुमारास मार्क अँटनीने सैनिकांचे पगार भागवायला अशी नाणी पाडली, हे आम्ही वाचले होते. पगाराचे नाणे म्हणताच आपलेपणा वाटला. थोरलीच्या फीसाठी ठेवलेले तीन हजार देऊन मोकळे झालो.

घरी भिंगातून पाहिले, तर कडेला सांध्याची रेघ आणि अंगावर बारीक खड्डे. त्या काळचे नाणे दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकत. हे साच्यात ओतलेले होते. फी उसनवारीने भरली. थोरली एका शब्दाने बोलली नाही, त्याचेच जास्त लागले.

ती मिलिंद महाविद्यालयात शिकते. बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात कॉलेज सुरू केले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले. एके दिवशी तिने पुस्तकातला फोटो दाखवला. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, त्याचे चांदीचे नाणे. डोक्यावर शिरस्त्राण, हातात उगारलेला भाला. मागे वज्र फेकणारी ग्रीक देवी. एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. त्याच राजाच्या एका तांब्याच्या नाण्यावर मात्र आठ आऱ्यांचे चक्र!

आम्ही तर त्याला भदंत नागसेनांसमोर बसून प्रश्न विचारणारा म्हणूनच ओळखत होतो. थोरली म्हणाली, "भाला सगळ्याच राजांच्या हातात असतो, बाबा. हा लक्षात राहिला तो प्रश्नांमुळे."

आमच्या माना खाली गेल्या. एवढ्या मोठ्या राजाने भिक्खूला प्रश्नांवर प्रश्न विचारले. आम्ही त्या नाणेवाल्याला एकही विचारला नाही. वजन किती? आले कुठून? पावती देणार का?

वाचकांनी हे जरूर विचारावे. जमिनीत सापडलेले म्हणून कोणी नाणे विकत असेल, तर घेऊच नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

ते खोटे नाणे आम्ही फेकले नाही. डब्यात सर्वांत वर ठेवले आहे. थोरलीचे पैसे मात्र दर महिन्याला थोडे थोडे बाजूला काढतो आहोत.