पावसाच्या गावी वाळूचे डोंगर

बालमित्रांनो, जरा जपानचा नकाशा उघडा. मधलं सगळ्यात मोठं बेट म्हणजे होन्शू. त्याच्या पश्चिमेकडच्या भागात, वरच्या अंगाला, जपानी समुद्राच्या काठावर 'तोत्तोरी' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसतंय का? चटकन दिसणार नाही. जपानचे एकंदर ४७ प्रांत आहेत आणि त्यांत सर्वांत कमी वस्तीचा प्रांत हा. उभ्या प्रांताची लोकसंख्या साडेपाच लाखांच्याही आत!

आता आपला महाराष्ट्र बघा. सांगली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, विजापूरच्या शेजारचं. ते आमचं जत. एका दुकानात मराठी, तर पुढच्या दुकानात कानडी. माडग्याळची मेंढरं प्रसिद्ध, डाळिंबं प्रसिद्ध, आणि दुष्काळ तर त्याहून प्रसिद्ध. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर आला. टँकरचा हॉर्न वाजला की वह्या तशाच टाकून घागरी घेऊन पळायचं, हे आमच्याकडच्या मुलींना शिकवावं लागत नाही.

मग जतची मुलगी तोत्तोरीला कशाला गेली? शिकायला! तोत्तोरी विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र आहे. तिथं कोरड्या, कमी पावसाच्या प्रदेशांचा अभ्यास होतो. ते १९९० साली स्थापन झालं. आमच्या वर्गात सुदान, इथिओपिया, मंगोलिया अशा देशांतली मुलं आहेत. सगळी पाण्याला तरसलेल्या मुलखांतली. पहिल्या दिवशी एकमेकांची ओळख करून देताना आम्ही नावाबरोबर आपापल्या गावचा पाऊस सांगितला. माझा आकडा ऐकून सुदानचा मुलगा म्हणाला, "मग तुमचं बरं आहे की!"

गंमत पुढंच आहे. ज्या गावात हे कोरड्या जमिनीचं केंद्र आहे, तिथं पाऊस आणि बर्फ धरून वर्षाला एकोणीसशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. म्हणजे आमच्या जतच्या जवळजवळ चौपट. इकडची म्हणच आहे, की जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. जानेवारी-फेब्रुवारीत गुडघ्याएवढं बर्फ साचतं. जून-जुलैत तर पावसाची पिरपिर संपता संपत नाही. मी पहिले काही दिवस खिडकीत बसून नुसती पागोळ्यांकडं बघत असे. एवढं पाणी गटारात जाताना बघून जीव हळहळायचा.

मग इथं वाळू कुठून आली? ओसाका शहरातून रेल्वेनं तोत्तोरीला यायला अडीच तास लागतात. स्टेशनवरून बसनं समुद्राकडं निघालं, की पंचवीसेक मिनिटांत घरं संपतात आणि समोर पिवळे डोंगरच उभे राहतात. लांबी १६ किलोमीटर, रुंदी सुमारे अडीच किलोमीटर. एका उंच कण्याला म्हणतात 'उमा नो से', म्हणजे घोड्याची पाठ. तिच्यावर चढताना एक पाऊल पुढं टाकलं की अर्धं मागं येतं. वर पोचलात की खाली निळाशार समुद्र.

हे राजस्थानसारखं वाळवंट नव्हे बरं का. ही आहे नदीची करामत. सेन्दाई नावाची नदी डोंगरातला दगड झिजवून त्याची वाळू समुद्रात नेऊन टाकते. समुद्र म्हणतो, मला नको. लाटा ती काठावर फेकतात आणि वारा तिला उचलून आत आणतो. हजारो वर्षं हा खेळ चालू आहे. पण अलीकडं खेळात बिघाड झाला. गावात वाळू घुसू नये म्हणून लोकांनी पाइनची झाडं लावली, वारा अडला आणि वाळूवर गवत उगवू लागलं. आता उन्हाळ्यात पहाटे लोक टोळ्या करून येतात आणि ते गवत उपटतात. हो, उपटतात! आमच्याकडं एक काडी हिरवी दिसावी म्हणून धडपड आणि इथं वाळवंट वाचवण्यासाठी खुरपणी. मीही दोनदा गेले होते. खुरपं धरायची माझी पद्धत बघून बरोबरचे आजोबा खूश झाले.

त्याच वाळूत मला एक धडा मिळाला. ऑगस्टमध्ये वरची वाळू इतकी तापते, की अनवाणी पाय ठेवता येत नाही. आमचे सर म्हणाले, "हातानं उकर." वीतभर उकरलं तर आत गार, ओली वाळू! वरचा थर पटकन सुकतो आणि मोकळा होतो. त्या मोकळ्या थरातून खालचं पाणी वर चढू शकत नाही, म्हणून ते उडून जात नाही. वरची कोरडी वाळू म्हणजे खालच्या पाण्यावरचं झाकणच म्हणा ना.

हे ऐकलं आणि मला आमच्या आबांची आठवण झाली. आमच्याकडचे शेतकरी म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. शाळूच्या रानात भेगा पडू लागल्या की आबा कोळपं घेऊन निघायचे. लहानपणी मला वाटायचं, हे नुसतं तण काढायला चाललेत. पण कोळप्यानं वरची माती भुसभुशीत झाली, भेगा बुजल्या, की जमिनीतली ओल आत राहते. आबा शाळेत फक्त चौथीपर्यंत गेले होते. त्यांचं हे शास्त्र मला समुद्रापलीकडच्या विद्यापीठात फळ्यावर आकृती काढून शिकवलं गेलं.

रोजचं जीवन कसं असतं, असं तुम्ही विचाराल. सकाळी सहाला उठायचं, तेव्हा जतमध्ये रात्रीचे अडीच वाजलेले असतात. सायकलवरून केंद्रात जायचं. इथं सायकलचीही पोलिसात नोंद करावी लागते, मोटारीसारखी. दारात बूट काढायचे, हे आपल्यासारखंच. पण संडासासाठी निराळ्या सपाता असतात आणि त्या घालून बाहेर आलात तर सगळे हसतात. कचऱ्याचं तर विचारूच नका! जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. वार चुकला की पिशवी जागेवरच राहते, वर चिठ्ठी चिकटवून.

खाण्याचे मात्र हाल. मी शाकाहारी. वरून साधं दिसणारं सूपही इथं बहुधा सुकवलेल्या माशाच्या पाण्यात केलेलं असतं. म्हणून खोलीतच भात शिजवते. भात चिकट, मुद्दा चिकट, म्हणजे काड्यांनी उचलता येतो. आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी सुकाळात चमच्यानं आणि दुष्काळात चिमटीनं खाते. भाकरीचं पीठ संपलं की महिनाभर जीभ रुसते.

भाषा ऐकायला अवघड, पण मराठी मुलांना एक मोठी सोय आहे. 'मी पाणी पिते' हे जपानीत 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु'. वाताशी म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमासु म्हणजे पिते. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी! त्यांची मुळाक्षरंसुद्धा क, स, त, न, ह, म, य, र, व अशा क्रमानं म्हणतात. ओळखीचं वाटतं ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृतचा अभ्यास केला, त्याची ही खूण. आणखी एक गोष्ट. मिझु म्हणजे फक्त गार पाणी. गरम पाण्याला 'ओयु' हा अगदी वेगळा शब्द. ज्या देशात पाणी भरपूर, त्याला दोन दोन नावं परवडतात!

सुटीच्या दिवशी मी भटकते. हाकुतो नावाचा किनारा आहे, तिथं चक्क सशाचं देऊळ आहे. इथल्या पांढऱ्या सशाची गोष्ट इसवी सन ७१२ मधल्या 'कोजिकी' या ग्रंथात आहे. सशाला बेटावरून पलीकडं यायचं होतं. त्यानं समुद्रातल्या प्राण्यांना सांगितलं, "तुमची जात मोठी की माझी, मोजू या. रांगेत उभे राहा." कोणी त्यांना मगरी म्हणतात, कोणी शार्क. ससा त्यांच्या पाठीवरून उड्या मारत आला आणि शेवटच्या उडीआधी हसून म्हणाला, "फसवलं!" झालं, शेवटच्यानं त्याची कातडी सोलली. पुढं दुष्ट भावांनी त्याला खारं पाणी लावायला सांगितलं आणि एका दयाळू देवानं गोड्या पाण्यानं धुऊन पाणकणसाच्या परागात लोळायला सांगितलं. आपल्या माकड आणि मगरीच्या गोष्टीचा हा चुलतभाऊ वाटतो की नाही? ओसाकाहून येणाऱ्या जलद गाडीचं नावही या सशावरूनच 'सुपर हाकुतो'. आणि विमानतळाला २०१५ पासून चित्रकथेतल्या छोट्या गुप्तहेराचं, कोननचं नाव जोडलंय, कारण त्याचे चित्रकार गोशो आओयामा याच प्रांतातले.

ऑगस्टच्या मध्यावर इथं छत्र्यांचा नाच असतो. रंगीत कागदी छत्र्या, त्यांना छोट्या घंट्या, आणि हजारो माणसं रस्त्यात एका तालात छत्र्या फिरवतात. 'शान शान' असा आवाज उठतो. मला वाटलं, एवढा पाऊस पडणाऱ्या गावात छत्रीचाच नाच असणार! पण शेजारच्या काकूंनी सांगितलं, की हा नाच मुळात दुष्काळात पाऊस मागण्यासाठीचा आहे. म्हणजे इथंही कधी तरी भात वाळला होता. आमच्याकडं पाऊस लांबला की एका पोराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधून धोंडी म्हणून दारोदार नेतात आणि बायका त्याच्यावर पाणी ओततात. घरात प्यायला नसलं तरी त्याच्यासाठी तांब्याभर निघतं.

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो वाळूतल्या शेताचा दिवस. या वाळूत 'राक्क्यो' नावाचा छोटा कांदा पिकतो. शरदात त्याला जांभळी फुलं येतात आणि वाळूवर गालिचा पसरतो. आता तिथं तुषार सिंचन आहे, तोटी फिरवली की कारंजी सुरू. पूर्वी नव्हतं. वाळूत पाणी टिकत नाही, म्हणून उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या उथळ विहिरींतून झाऱ्या भरायच्या, कावडीनं खांद्यावर घ्यायच्या आणि तापल्या वाळूतून दिवसभर खेपा घालायच्या. हे काम बहुतेक घरच्या सुनांवर पडायचं. त्याला नावच पडलं होतं 'योमेगोरोशी', म्हणजे सुनेला मारणारं काम. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात वाळूतल्या सिंचनावर इथल्या विद्यापीठानं काम केलं, तुषार सिंचन आलं आणि कावड गेली.

शेताच्या बांधावर एक म्हाताऱ्या आज्जी बसल्या होत्या. त्यांनी कावड वाहिलेली. मी मोडक्या जपानीत सांगितलं, आमच्याकडं अजून डोक्यावरून पाणी आणतात. त्यांनी विचारलं, "डोक्यावर? मग मान दुखत नाही?" मी म्हटलं, "दुखते." त्या उठल्या, माझ्या मानेला हात लावून बघितला आणि मूठभर राक्क्यो माझ्या पिशवीत टाकले. ते व्हिनेगरमध्ये मुरवून कढीसारख्या 'करी'बरोबर खातात. शेंगदाण्याच्या चटणीबरोबरही झकास लागतात, हा माझा शोध!

सध्या केंद्रातल्या काचेच्या मोठ्या घुमटाखाली माझ्या ज्वारीच्या कुंड्या आहेत. निम्म्या कुंड्यांतली वरची माती मी आबांसारखी मोकळी करते, निम्म्या तशाच ठेवते आणि रोज संध्याकाळी सगळ्या तराजूवर ठेवून किती पाणी उडालं ते लिहिते. घुमटाच्या बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आत मी एकेक ग्रॅम पाणी मोजत असते. मोकळ्या मातीच्या कुंड्या सध्या पुढं आहेत. फोनवर आबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यात काय, मी सांगितलंच होतं. कणसं कधी निसवतील ते सांग." अजून पोटरीतच आहेत. आठवडाभर तरी लागेल.