ढोकीचा ढ

दिवाळीच्या सुट्टीत ढोकीला गेलो की भाचीचं दप्तर माझ्यापुढं रिकामं होतं. या खेपेला त्यातून चित्रकलेची फाईल निघाली. आत ड्रॉइंग पेपर, सगळे कोरे.

"मामा, पहिल्या पानावर काय काढू ओ? सर म्हणलेत, फाईल उघडली की कळलं पाहिजे कुणाची हाय."

"नाव लिही की मग."

तिच्या चेहऱ्यावरून कळलं, हे उत्तर तिला आईनं आधीच देऊन झालं होतं.

सातवीत असताना मीही असंच एक पहिलं पान केलं होतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठाला झोपडी आणि झोपडीवर झुकलेलं नारळाचं झाड. आकाशात चारच्या आकड्यांसारखे पक्षी. आमच्या चौफेर काळी सपाट रानं. डोंगर बघायचा तर येडशीकडं बालाघाटात जावं लागायचं, आणि नारळ आम्हाला ठाऊक होता तो देवापुढं फुटणारा. सरांनी फाईल उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कुठलं रे हे गाव?" मी म्हणालो, "आपलंच, सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पान उलटलं, एवढंच.

त्या पानाची दुसरी फजिती अक्षरांची. वर मोठ्या ठोकळा अक्षरांत 'चित्रकला' लिहायचं होतं. अक्षरं चार म्हणून पट्टीनं चार सारखे चौकोन आखले आणि पहिल्याच चौकोनात फसलो. 'चि'ची वेलांटी आधी जागा खाते, 'त्र' आडवा पसरतो, 'ला'चा काना चौकोनाबाहेर उभा राहतो. शेवटी 'चित्रक' पैलवानासारखं आणि 'ला' एसटीच्या दारात लटकलेल्या माणसासारखा. इंग्रजी अक्षरं चौकोनात बसवता येतात. देवनागरीचा जीव शिरोरेषेला टांगलेला. तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि तिच्याखाली उकार. म्हणून आधी शिरोरेषा आखायची, वर-खाली मोकळी जागा सोडायची, आणि अक्षरं पट्टीनं मोजण्याऐवजी त्यांच्यामधला पांढरा कागद डोळ्यांनी सारखा करायचा. हे मला पुढं एलिमेंटरीच्या परीक्षेच्या वेळी कळलं. तिथं वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या जोडीला कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन असतं. इंटरमीजिएटच्या 'अ' श्रेणीला दहावीत ७ वाढीव गुण मिळू लागल्यापासून या परीक्षांना गर्दी फार. अक्षरलेखनाची गोडी मात्र मुलांना कुणी लावत नाही, असं आपलं माझं मत.

ती गोडी मला लावली वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींनी. कमल शेडगे यांनी रेखलेली नाटकांची नावं मी कात्रीनं कापून ठेवायचो. नाटक मुंबईत, आम्ही ढोकीत. बघायला मिळायची शक्यता शून्य. पण विनोदी आहे की रहस्याचं, हे नावाच्या वळणावरूनच समजायचं. घरी जुन्या 'दीपावली'चे दोन-तीन अंक होते. त्यांवरची दीनानाथ दलालांची चित्रं मी कार्बन घालून उतरवायचो. दलाल आणि मुळगावकर, दोघंही मूळचे गोव्याचे. त्यांनी त्या काळच्या घराघरांत मुखपृष्ठं आणि कॅलेंडरं पोचवली. नाकीडोळी नीटस बायका कार्बनखालून माझ्या कागदावर यायच्या, तेव्हा एकीचा तरी डोळा हमखास घसरलेला असायचा.

भाचीला हे सगळं सांगत बसलो नाही. म्हटलं, "आधी नुसतं गावाचं नाव काढ बघू. ढोकी."

"ढ?" ती फिस्सकन हसली. आमच्या मुलांना हा शाप जन्मजात. जिल्ह्याच्या गावाला कुठल्याही स्पर्धेला जा, गाव सांगितलं की पहिल्या अक्षरावर कुणीतरी कोटी करतंच. पण ढ साधं अक्षर नाही. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मीत बाकीची अक्षरं आपल्याला ओळखू येत नाहीत, आणि ढ मात्र शिरोरेषा सोडली तर जवळपास आजचाच. सव्वादोन हजार वर्षांत सगळी वर्णमाला बदलली, हा तिथंच बसून राहिला. म्हणून वर्षानुवर्षं एकाच वर्गात बसणाऱ्या पोराला ढ म्हणतात, असं सांगतात. खरंखोटं कुणास ठाऊक. मला त्याचा वाटतो तो अभिमानच. काढायलाही तो देखणा: वरून छोटी उतरण, मग पोटाशी घेतलेलं वळण आणि शेवटी आत गुंडाळलेली गाठ. चाकावरच्या गाडग्यासारखं गोल.

गाडग्यावरून गोरोबा कुंभारांचं तेर आठवलं. ढोकीहून तेर जवळ. गोरोबाकाकांच्या समाधीला भाची दरवर्षी जाते, तिथलं लामतुरे संग्रहालयही तिनं शाळेच्या सहलीत पाहिलंय. तिथं एक हस्तिदंती बाहुली आहे. तशाच घडणीची भारतीय मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या वर्णनात त्याचं नाव येतं, इथून माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचा. असा शेजार असताना आम्ही पहिल्या पानावर नारळ काढत होतो.

आणखीही पुष्कळ होतं. अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट ढोकीच्या स्टेशनात शिरायची, तेव्हा आम्ही शाळेच्या वाटेवर असायचो. तेरणा कारखान्याची चिमणी होती. गाळपाच्या दिवसांत उसाच्या बैलगाड्यांची रांग, मळीचा वास, रस्त्यावर पडलेली कांडी उचलून पळणारी पोरं. यातलं काहीच मला चित्रात काढण्यासारखं वाटलं नव्हतं.

भाचीनं भेंडी कापून ठसे उठवून पाहिले, पानं ठेवून जुन्या दातब्रशानं रंग शिंपडला. बहिणीची फरशी रंगली, त्यावरून मला बोलणी बसली. उसाच्या कांडीचाही आडवा काप घेतला, पण रसानं रंग धरेना. नुसता चिकट गोल उमटला आणि त्याला मुंग्या लागल्या.

मग खालचा मजकूर. इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, मु. पो. ढोकी. माझ्या वेळी जिल्हा लिहिताना 'उस्मानाबाद' ही पाच अक्षरं ओळीत बसवायला घाम फुटायचा. २०२३ पासून 'धाराशिव', चारच अक्षरं. भाचीनं पट्टी लावून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, इथं जागा राहती की ओ. ऊस काढू?"

काढ म्हटलं. पण सगळ्यात शेवटी. आधी आतली चित्रं होऊ देत, मग काय ते ठरव.

परवा बहिणीचा फोन आला होता. फाईलमधली सात चित्रं झालीत. पहिल्या पानावर अजून फक्त शिरोरेषा आखलीय आणि तिच्याखाली पेन्सिलीनं एक ढ काढलाय.