एका घाण्यापुरतं

डिंकाच्या लाडवात सगळ्यात आधी फसतो तो डिंकच. वरून पांढराशुभ्र फुललेला दिसतो आणि पोटात कच्चा खडा राहतो. तो दाताला चिकटला की बाळंतीण पुन्हा त्या डब्याला हात लावत नाही. कढत तुपात मूठभर डिंक टाकला तर खडे सुटे राहतात आणि आतपर्यंत फुलतात. किलोभर एकदम लोटला की तूप निवतं, खडे एकमेकांना धरतात, आणि आच वाढवावी तर वरून करपतात. मूठभर डिंक तळा, झाऱ्यावर निथळू द्या, एक खडा बोटांनी चुरून बघा, मग पुढची मूठ. या कामात घाई चालत नाही, म्हणून माझा घाणा दोन-अडीच किलोंच्या पुढे जात नाही.

सामान रायपूरच्या गोल बाजारातून येतं. आम्हा तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांना तो पायी जाण्याच्या अंतरावर. छत्तीसगढी घरांत बाळंतिणीला कांके पानी देतात. त्याच्या साली-मुळ्या आणि आमचे डिंक, अळीव, खारीक तिथे एकाच दुकानात मिळतात. डिंक मात्र बघूनच घ्यावा लागतो. धावड्याचा आणि बाभळीचा लाडवाला चालतो. कुल्लूचा गोंद दिसायला तसाच, पण तो पाण्यात फुगणारा. तुपात त्याचं काही होत नाही. नाकाशी धरला की त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. नेहमीचा दुकानदार स्वतःच सांगतो, "दीदी, ये लड्डू वाला नहीं है." अर्धा किलो घेणाऱ्याला पुडी उघडून हुंगता येते. पोत्यांनी घेणाऱ्याला दर पोत्यातलं हुंगणं कुठून जमणार?

चारोळीचं तर फारच नाजूक. ती इथल्याच जंगलांतली, बस्तर-जशपूरकडची. दाण्यात निम्म्याहून अधिक तेल असतं, आणि कवच फुटलं की त्या तेलाला हवा लागते. दळलं किंवा कुटलं तर आणखी लवकर, कारण हवेशी गाठ पडणारा पृष्ठभाग वाढतो. सुक्या खोबऱ्याचंही तेच. लहान घाण्याचा मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा इथे आहे. आज भाजलं, आज कुटलं, आणि महिनाभरात खाऊन संपलं. माल गोदामात, मग ट्रकमध्ये, मग दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने राहायचा असेल, तर तो टिकवण्यासाठी वेगळी योजना करावी लागते. आमच्या जुन्या वैद्यकालाही हे ठाऊक होतं. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाचं वीर्य दोन महिन्यांपुरतंच मानलं आहे. चरकाचा च्यवनप्राश पाचशे आवळ्यांचा, म्हणजे त्या नामांकित रसायनाचं मापसुद्धा एका मोठ्या कढईत मावेल एवढंच.

जंगलाचा माल दर वेळी सारखा नसतो. एखाद्या खेपेची सुंठ जहाल असते, एखादीची तंतूंनी भरलेली. मी चाखते आणि प्रमाण हलवते. सुंठ, पिंपळी, जायफळ ही थोडक्यात पडणारी पूड कधी थेट परातीत टाकत नाही. आधी तेवढ्याच भाजल्या पिठात कालवायची, मग त्या सगळ्याएवढं आणखी पीठ, असं दर वेळी दुप्पट करत. औषधं बनवणारेही असंच करतात. नाहीतर एका लाडवात जायफळच जायफळ आणि दुसऱ्यात नावाला नाही.

आणि तरीही जे हातानं करू नये ते मी करत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सरकारी दवाखान्यात लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. मायक्रोग्रॅमचं मोजमाप परातीत होत नाही. तिथे कारखाना आणि प्रयोगशाळाच हवी. अळिवाचे लाडू खा आणि गोळीही चुकवू नका, असं मी प्रत्येकीला बजावते. पोषणपूरक पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आहेत, आणि अशा पदार्थांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. माझा लाडू साध्या अन्नातच मोडतो, पण त्या ओळीमागचा विचार मला पटतो. घरगुती म्हणजे आपोआप शुद्ध, हा समजही मला मान्य नाही. शेंगदाण्याला बुरशी लागली तर तिचं विष भाजूनही पुरतं जात नाही, मग घर असो की कारखाना. म्हणून शेंगदाणे, खारीक, बदाम एकेक करून निवडायचे.

दर घाण्याची नोंद वहीत असते: कुठला डिंक, कुठल्या दिवशीचं तूप, डबे कुणाकडे गेले. दोन लाडू बरणीत मागे ठेवते आणि घाणा संपेपर्यंत मधूनमधून हुंगते. खवट वास आला तर सगळ्या घरी संध्याकाळपर्यंत निरोप पोचतो. कारण घरं मोजकी असतात, आणि बहुतेकींचं बाळ कितव्या दिवसाचं आहे तेही मला माहीत असतं. कुणाला गूळ कमी, कुणाला मेथी नको, हेही याच मापात सांभाळता येतं.

हे स्वस्त पडत नाही. सामान किरकोळीने घ्यायचं, दिवसभर चुलीपाशी उभं राहायचं, तर दर चढाच राहतो, आणि तो मी कमी करत नाही. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं. तेव्हा घाणा निम्म्यावर आणते आणि चारोळी घालतच नाही. श्रावणात बाळंतपण असेल तर नाव आषाढातच लावून ठेवा, म्हणजे ताजा डबा वेळेवर मिळेल.