माळ्यावरचा तबला

तीस वर्षांपूर्वीं मुलगा गणितांत नापास झाला, म्हणून मीं त्याचा तबला माळ्यावर टाकविला. गेल्या दिवाळींत गणित शिकणाऱ्या नातवानें तो खालीं काढून नवी पुडी चढविली व तीवर बारीक वाळू पसरली.

त्यानें बोट टेकवून आघात केला, तों वाळूंत परस्परांस छेदणारे दोन व्यास उमटले. बोटाची जागा बदलतांच वर्तुळ उमटलें. स्वर मात्र तोच!

तो म्हणाला, "आजोबा, कडेस जखडलेल्या कातड्याच्या समीकरणाचीं हीं दोन निराळीं उत्तरें, कंपनसंख्या ठरविणारें आयगेन मूल्य मात्र एकच. साध्या कातड्यावर हे स्वर भिन्न निघतात, शाईच्या भारानें जुळतात. रामन यांनीं १९२० सालीं या वाद्यांतील सुसंवाद उलगडला. पुढें नऊ कंपनरूपें पांचच स्वरांत सामावतात, असें दाखविलें."

जन्मभर मीं मुलांकडून 'रामाभ्याम्' घोकून घेतलें: रूप एक, विभक्ति तीन. ही अनेकता मला परकी नव्हती. तरीहि गणितासाठीं जें वाद्य मीं दूर सारलें, त्याच्या पुडींतच गणित होतें!

मुलास पत्र लिहावयास बसलों आहें. मायन्याखालीं पहिली ओळ अजून सुचत नाहीं.