मोटर जळाली म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी का येते आणि लोकरीचे कपडे कसे धुवावेत, असल्या प्रश्नांच्या शेजारी आज मी मोटारगाडीच्या ब्लोअरचा विषय काढते आहे. नाक मुरडू नका हं! आपल्यातल्या कितीतरी जणी आता गाडी चालवतात. मुलांना शिकवणीला सोडतात, सासूबाईंना दवाखान्यात नेतात. पण गाडीत काही बिघडलं, की "हे बघतील" नाहीतर "गॅरेजवाला बघेल" म्हणून आपण मोकळ्या होतो.

घरातला मिक्सर चालेनासा झाला तर आपण काय करतो? प्लग नीट बसलाय का बघतो. दुसऱ्या ठिकाणी लावून बघतो. भांडं हलवून बसवतो, बुडाचं लाल बटण दाबतो. मोटर जळाली, हे अगदी शेवटी म्हणतो. ब्लोअरच्या बाबतीतही नेमकं असंच करायचं असतं. एवढी एकच गोष्ट मला आज सांगायची आहे.

ब्लोअर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, डॅशबोर्डच्या जाळ्यांतून आपल्या तोंडावर वारा सोडणारा पंखा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्याच्या मागे, खालच्या अंगाला बसवलेला असतो. हीटरचा पंखा वेगळा आणि एसीचा वेगळा, असं नसतं बरं का. एका जाळीतून इंजिनाचं गरम पाणी फिरतं, दुसरी जाळी एसीमुळे गार होते, आणि हा एकच पंखा त्यांच्यावरून हवा ढकलतो. म्हणून पंखा बंद पडला, की हीटरही गेला आणि एसीही गेला.

कॅनडात, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांना हिवाळ्यात हा पंखा किती लागतो, ते त्यांना विचारा. काचेवर बर्फ धरलं, की हीटरच्या वाऱ्याशिवाय गाडी हलवता येत नाही. आपल्याकडे थंडी तेवढी नाही, पण पावसाळा आहे आणि घाट आहेत. वरणाच्या पातेल्यावरचं झाकण जसं आतून घामेजतं, तशी पावसात गाडीची काच आतून घामेजते. आपला श्वास, ओल्या छत्र्या, भिजलेल्या साड्या, यांची वाफ गार काचेला लागते आणि धुकं धरतं. एसी त्या हवेतलं पाणी काढून घेतो, हीटर काच ऊबदार करतो. दोन्ही एकदम चालू करून वारा काचेवर सोडला आणि बाहेरची हवा आत घेण्याचं बटण लावलं, तर काच बघता बघता स्वच्छ होते. अर्थात, पंखा फिरत असेल तर!

माझ्या वडिलांच्या फियाटला यातलं काही नव्हतं. दाराची पुढची त्रिकोणी काच तिरकी करायची आणि आईनं पुढे बसून पंचानं काच पुसत राहायचं. ती आई आता शहापूरला एकटी राहते, मी नाशिकला. आईला दमा आहे. दर पंधरा दिवसांनी शनिवारी मी तिला नाशिकला डॉक्टरांकडे आणते. म्हणजे जाताना कसारा घाट उतरायचा आणि येताना तिला घेऊन चढायचा. ह्यांची नोकरी फिरतीची, तेव्हा चाकावर मीच.

2023 च्या जुलैत आमच्या गाडीच्या ब्लोअरनं आधी कुरकुर केली. एक, दोन, तीन या वेगांवर वारा येईना, चारवर मात्र भन्नाट यायचा. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, चालवा तशीच, चारवर चालतोय ना?" मग एका बुधवारी चारवरचाही बंद पडला. पाऊस तर धो धो. शनिवारी आईला आणायचं होतं. काचा उघड्या ठेवून घाट चढावा तर सगळी ओल तिच्या छातीत जाणार, आणि बंद ठेवाव्यात तर समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे नुसते पांढरे डाग दिसणार. पुन्हा गॅरेज गाठलं. त्या माणसानं बटण दोनदा फिरवलं, डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाला, "मोटर जळाली. साडेपाच हजार. माल सोमवारी येईल."

काही उघडलं नाही, मोजलं नाही. पैशांपेक्षा मला तो सोमवार बोचला.

आमच्या शेजारी वीजमंडळातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते म्हणाले, "ताई, मोटर जळाली असेलही. पण तिच्यापर्यंत करंट पोचतोय का, हे न बघता तिला दोष कसा द्यायचा?" ते हातात दिवा धरून उभे राहिले आणि स्क्रू मी काढले. आम्ही ज्या क्रमानं बघितलं, तोच क्रम तुम्हाला सांगते.

पहिलं काम म्हणजे ऐकणं. चावी फिरवून बटण एकेका वेगावर न्यायचं आणि काय होतं ते लक्षात ठेवायचं. नुसता शेवटचा वेग चालत असेल, तर मोटर चांगली आहे आणि रेझिस्टर गेला, असं बहुधा समजावं. हलक्या वेगांना वीज कमी मिळावी म्हणून ती रेझिस्टरमधून जाते. शेवटच्या वेगाला ती त्याला वळसा घालून थेट मोटरकडे जाते. म्हणून रेझिस्टर जळाला तरी चार नंबर चालतो. म्हणजे आमच्या गाडीनं आधीच आपलं दुखणं सांगितलं होतं! पंखा चीं चीं करत असेल तर बुश झिजले. टकटक आवाज येत असेल तर पात्यात काही अडकलं. मोटरचा आवाज येतो पण वारा येत नाही, तर फिल्टर तुंबलेला किंवा आतली झडप अडकलेली. खड्ड्यात गाडी आदळली की चालू होतो, तर कुठेतरी जोड सैल किंवा मोटरचे कार्बन झिजलेले.

दुसरं, फ्यूज. फ्यूजची पेटी स्टिअरिंगच्या खाली असते, एखादी बॉनेटमध्येही असते, आणि कोणता फ्यूज कशाचा ते झाकणावर नाहीतर गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. चावी बंद करूनच फ्यूज उपटायचा. रंगावरून आकडा कळतो: 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. आमच्या ब्लोअरचा हिरवा होता आणि त्याची आतली पट्टी तुटलेली होती. नवा घातला. बटण फिरवल्यावर क्षणभर "हूं" असा आवाज आला आणि तोही उडाला.

इथे बरेच जण काय करतात, ठाऊक आहे? सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाहीतर तार गुंडाळून फ्यूज बसवतात. असं मुळीच करू नका. घरातल्या जुन्या फ्यूजला जाड तार लावली की भिंतीतली वायर तापते, तसंच गाडीत होतं आणि गाडी पेट घेते. फ्यूज पुन्हा उडतो म्हणजे आत काहीतरी वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतंय. फ्यूज ज्या आकड्याचा होता त्याच आकड्याचा घालायचा.

फ्यूज शाबूत निघाला असता, तर रिले बघायचा. पेटीतली ती लहान चौकोनी डबी. तिच्यावरच्या नंबरासारखीच दुसरी डबी पेटीत असली, तर दोन्हींची अदलाबदल करून बघता येते. ब्लोअर चालू झाला तर दोष डबीचा. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

तिसरं, मोटरचा प्लग. काकांनी डावा कप्पा उतरवून घेतला. एक सावधगिरी आधीच सांगते. आताच्या गाड्यांत कप्प्याच्या वरच एअरबॅग असते. तिच्या वायरींना बहुधा पिवळे प्लग असतात, त्यांना हात लावू नये. बॅटरीची उणे तार सोडून थोडा वेळ थांबावं, मगच हात घालावा. करंट बघायच्या वेळी ती परत जोडायची.

मोटरचा प्लग काढून ठेवला आणि फ्यूजच्या जागी नवा फ्यूज घालून बटण चारवर नेलं. या वेळी फ्यूज टिकला! म्हणजे वायरींमध्ये कुठे शॉर्ट नव्हता, जो काही घोटाळा होता तो मोटरपाशीच. मग काकांनी गाडीच्या टेललाइटचा बल्ब दोन तारांना जोडून तो प्लगच्या दोन टोकांना लावला. लख्ख पेटला. करंट पोचत होता. मीटरनं मोजायचं असेल तर इंजिन बंद असताना बाराच्या आसपास व्होल्ट दिसावेत. पण काका म्हणाले, बल्ब जास्त खरा. गंजलेल्या जोडातूनही मीटर बारा दाखवतो, बल्ब मात्र मिणमिणतो. बल्ब पेटलाच नसता तर मोटरला हात न लावता मागे जायचं होतं: अर्थची तार गाडीच्या पत्र्याला घट्ट आहे का, प्लग वितळलाय का, बटणातून करंट पुढे जातो का.

चौथं, खुद्द मोटर. तीन स्क्रू काढले आणि ती खाली हातात आली. पंखा बोटानं फिरवून बघितला, फिरेना. आमच्या सोसायटीत गाड्या गुलमोहराखाली उभ्या राहतात. गुलमोहराची पानं किती बारीक, तुम्हाला माहीत आहेच. काचेखालच्या जाळीतून ती आत पडतात. या गाडीला हवेचा फिल्टरच नाही, काही लहान गाड्यांना नसतो. त्यामुळे ओल्या पानांचा लगदा थेट पंख्यात बसला होता, अगदी भिजवलेल्या मेथीसारखा. पंखा जड झाला, म्हणून मोटर जास्त करंट ओढू लागली. रेझिस्टर वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो, त्या वाऱ्यानं तो गार राहतो. वारा कमी आणि करंट जास्त, म्हणून आधी तो जळाला. पंखा पुरता अडकल्यावर फ्यूज उडाला. सगळ्या लक्षणांचा एकच धागा!

जुन्या टूथब्रशनं मी पंखा साफ केला. बोट लावताच भिंगरीसारखा फिरू लागला. प्लग लावला, बटण चारवर केलं आणि माझ्या पदरावर भसकन वारा आला. "जळालेली" मोटर ठणठणीत होती. शुक्रवारी काही शे रुपयांचा रेझिस्टर आणून बसवला आणि एक, दोन, तीन वेगही चालू झाले. शनिवारी आई सगळ्या काचा बंद करून, शाल पांघरून घाट चढली.

मोटर कधीच जात नाही, असं मी म्हणत नाही. प्लगवर करंट येतोय, पंखा हाताला मोकळा फिरतोय, तरी मोटर गप्प आहे, तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं तिला हलकेच ठोकावं. तेवढ्यानं चालू झाली तर कार्बन झिजले. नाहीच झाली तरी दोष तिचाच. मग खुशाल बदला, त्या पैशांचं वाईट वाटत नाही. ज्या गाड्यांत तापमान आपोआप राखलं जातं, त्यांत साध्या रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तो मात्र जाणकाराकडूनच तपासून घ्यावा.

हे काम बायकांचं नाही, असं कुणी म्हणालं तर त्यांना बर्था बेंझबाईंची गोष्ट सांगा. 1888 च्या ऑगस्टमध्ये या बाई नवऱ्यानं बनवलेली गाडी त्याला न सांगताच घेऊन, दोन मुलांसह जर्मनीतल्या मानहाइमहून फॉर्झहाइमला माहेरी गेल्या. अंतर शंभरावर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. वायर उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईनं केला आणि वाटेतली पहिली दुरुस्तीही!

आता थोडं पावसाळ्याआधीचं. पापड-कुरडयांच्या जोडीला मे महिन्यात हेही उरकून घ्या. बॉनेट उघडून काचेखालच्या जाळीवरची पानं काढा. हवेचा फिल्टर असेल तर झटका, काळा पडला असेल तर बदला. ब्लोअरचे सगळे वेग एकदा चालवून बघा. एखादा वेग बंद असेल तर "चारवर चालतोय ना" यावर समाधान मानू नका. गाडीत त्या त्या आकड्यांचे दोन-दोन फ्यूज आणि धुतलेल्या जुन्या धोतराचा कोरडा तुकडा ठेवा. घाटातच ब्लोअर बंद पडला, तर वळण सोडून सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या, समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली करा, काच पुसा आणि मगच पुढे निघा.

आणि गॅरेजमध्ये कुणी "मोटर गेली" म्हणालं, की भांडू नका, घाबरूही नका. चेहरा शांत ठेवून एवढंच विचारा: "भाऊ, प्लगवर करंट येतोय का, ते बघितलंत?"